बाबांचा वरचा ओठ

५ जानेवारी

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. बिनसलंय ते तोंडात. माझे वरचे, अगदी समोरचे दोन दात गेले. एक जागच्या जागी पडला, दुसरा मुळापाशी मोडला. बोलायला गेलो की नुसती हवा निघते. फोनवर तू हसशील ती हसशील, वर स्पीकर लावून तुझ्या लॅबमधल्या सगळ्यांना ऐकवशील, म्हणून हा कागद.

झालं असं, की आमच्या वाद्यवृंदाच्या तालमीच्या हॉलमध्ये मी स्वरांचे कागद वाचत माझ्या खुर्चीकडे चाललो होतो. चेलोवाल्या काकांच्या चेलोला खाली लोखंडी टोक असतं, त्यात पाय अडकला आणि मी थेट समोरच्या स्टँडवर आदळलो. काकांनी धावत येऊन आधी चेलो तपासला, मग मला.

दाताच्या डॉक्टरीण बाई तरुण आहेत, बोलतात कमी आणि दाखवतात जास्त. त्यांनी तीन वाटा दाखवल्या. एक, ब्रिज: शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधले दोन खोटे दात टांगायचे. दुसरी, मोडकं मूळ काढून खड्ड्यात हाडाची पूड भरायची, चार महिने थांबायचं, मग हाडात स्क्रू बसवायचे, पुन्हा तीन-चार महिने थांबायचं आणि मग दात. तिसरी, मूळ काढलं की त्याच बैठकीत स्क्रू आणि त्यावर त्याच दिवशी तात्पुरते दात. सकाळी बोळका गेलो तर संध्याकाळी दात दाखवत घरी.

तुला ठाऊक आहे मला कुठली आवडली. चौदा जूनला आमचा मोठा कार्यक्रम आहे. मधल्या संथ भागात चार मिनिटं क्लॅरिनेट जवळजवळ एकटं वाजतं. बावीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर काढली, दोन वर्षांपूर्वी पहिली मिळाली आणि आता कुठे संचालकसाहेबांनी तो भाग मला दिला. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले! मी नाही वाजवला तर दुसऱ्या खुर्चीवरची मुलगी वाजवेल. माझ्याकडेच शिकलेली आहे, छान वाजवते, तोच तर घोळ आहे. एकदा तिने तिथे वाजवलं की मी परत त्या खुर्चीवर बसेन असं मला वाटत नाही.

तू तीस वर्षं लोकांचे दात घडवतेयस. एका शब्दात सांग: तिसरी वाट. म्हणजे मी मोकळा.

तुझा,
ढब्बू

*

१० जानेवारी

ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग परत हसले. काका चेलोकडे धावले हे मी आजच्या दिवसात चौघांना सांगितलंय.

एका शब्दात उत्तर हवं होतं ना? नको.

आता जास्त शब्दांत ऐक. ब्रिज मी बनवते, चांगला बनवते, पण तुझे शेजारचे दात शाबूत आहेत. स्वतःच्या घराची तुळई टाकायला शेजाऱ्याची भिंत कशाला फोडायची? एकाच दिवसात स्क्रू आणि दात, हा प्रकारही वाईट नाही. महिन्याला चार-पाच कामं माझ्या टेबलावर येतात, बहुतेकांचं छान होतं. पण त्या लोकांना पहिले तीन महिने त्या दाताने काही चावायचं नसतं, त्यावर काही टेकवायचं नसतं. हाड स्क्रूला हळूहळू धरतं. ओल्या सिमेंटवर कोणी खुर्ची टाकून बसतं का? आणि तू काय करणार? दिवसाला चार तास क्लॅरिनेटचा माउथपीस नेमका त्याच दोन दातांवर टेकवणार. ज्यांचे समोरचे स्क्रू सुटून आले, त्यांचीही कामं माझ्याकडे येतात. तेव्हा हाड आणखी गेलेलं असतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

डॉक्टरीण बाईंना तू क्लॅरिनेट वाजवतोस हे सांगितलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

माझं मत, दुसरी वाट धर. उशीर होईल, होऊ दे. वाजवायचेही दुसरे मार्ग असतात, पण ते नंतर बोलू. आधी तोंडाच्या मापाचा साचा पाठव.

ताई

*

२२ जानेवारी

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि.

रागावू नकोस. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी तारीख घेतली होती. (खरं सांगतो, पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी घेतली.) अठरा तारखेला दोन्ही स्क्रू बसले, त्याच संध्याकाळी दात. दुखलं नाही फारसं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हाड चांगलं आहे, स्क्रू घट्ट बसलेत, पण तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, खालच्या दातांशीही भेट होऊ द्यायची नाही. मी मान डोलावली.

त्यांना माझा व्यवसाय सांगितला. म्हणजे, संगीत क्षेत्रात आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या, वा.

वाजवत नाहीये, काळजी करू नकोस. तालमीत नुसता बसतो आणि मांडीवर पेन्सिल धरून बोटं फिरवतो. एप्रिलच्या मधोमध तीन महिने भरतील, मग दोन महिने उरतील. गणित पक्कं आहे. आमची ही सूप आणि मऊ भात करून करून कंटाळली, पण आरशात मला बघून म्हणाली, पूर्वीपेक्षा बरा दिसतोस.

दुसरे मार्ग कुठले म्हणत होतीस? आता गरज नाही, सहज विचारलं.

ढब्बू

*

१ फेब्रुवारी

ढब्बूस आशीर्वाद.

कंसात का होईना, खरं सांगितलंस. झालं ते झालं. आता ते स्क्रू तुझे आहेत आणि माझेही. जप त्यांना.

उद्याच्या उद्या डॉक्टरीण बाईंकडे जा आणि क्लॅरिनेट हा शब्द उच्चार. 'संगीत क्षेत्र' म्हणजे काय? त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल तिकिटं विकतोस.

बाकी काही नाही.

ताई

*

२६ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

सोबतच्या डबीत कापसात एक दात आहे, तो माझा तात्पुरता डावा. पावाचा कडक काठ चावला आणि याला तडा गेला. माझाच हलगर्जीपणा. इथल्या लॅबवाल्याने केलेला रंगही जरा पिवळाच होता. डॉक्टरीण बाईंची चिठ्ठी आणि नवीन माप सोबत आहे. तू नवा करून पाठवलास तर शेजाऱ्याशी जुळेल. तोवर त्यांनी काढता-घालता येणारी एक छोटी प्लेट दिलीय.

बाकी सगळं ठीक. हवा छान आहे.

ढब्बू

*

५ मार्च

ढब्बू,

हवा छान आहे म्हणतोस? मी दात भिंगाखाली धरला.

पाव चावून तडा गेला तर तो खालून वर जातो, कडेचा कपचा उडतो. तुझ्या दाताची धार सपाट झिजलीय. दोन मिलिमीटर रुंद, गुळगुळीत, आणि डावीकडे उतरती. डावीकडे का, ते मला भिंगाशिवाय कळतं. नऊ वर्षांचा असल्यापासून तू क्लॅरिनेट जरा डावीकडे तिरकं धरतोस, बाबा दर वेळी सरळ करायचे. पाव तिरका कोण खातो रे?

कधीपासून वाजवतोयस? महिना झाला असेल. मला तुझा भयंकर राग आलाय आणि तो मी इथे लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वेळी तोंडाने सांगायला नको. राग खोटं बोललास म्हणून नाही, खोटं तू लहानपणापासून वाईटच बोलतोस. तू त्या मुलीला इतका घाबरलास, की स्वतःचा जबडा पणाला लावलास, त्याचा राग आहे.

आरशासमोर उभा राहा. स्वच्छ हात धुऊन स्क्रूला बोट लाव. हलतो का? हलत असेल तर आजच जा. तू खरं सांगितल्याशिवाय मी नवा दात करणार नाही.

ताई

*

१४ मार्च

प्रिय ताईस,

हलत होता. दोन्ही हलत होते.

तीन फेब्रुवारीपासून वाजवत होतो, आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. घरी, दार लावून. सुरुवातीला काही जाणवलं नाही, म्हणून वाटलं तुम्ही सगळे उगाच घाबरवता. डॉक्टरीण बाईंना सगळं सांगितलं, क्लॅरिनेट हा शब्दही उच्चारला. त्या रागावल्या नाहीत. हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी हा मार्ग तुम्हाला दाखवलाच नसता." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहा तारखेला दोन्ही स्क्रू काढले. खड्ड्यात हाडाची पूड भरून टाके घातलेत. जुलैपर्यंत थांबायचं, मग नवे स्क्रू, मग नोव्हेंबरपर्यंत थांबायचं. म्हणजे तुझीच दुसरी वाट, फक्त दोन महिने उशिराने आणि थोडं हाड गमावून.

चौदा जून गेला. पुढच्या सोमवारी, तेवीस तारखेला, संचालकसाहेबांना सांगणार आहे, तो भाग मुलीला द्या.

सध्या बाबांची फार आठवण येते. बाबा याच वाद्यवृंदात याच दुसऱ्या खुर्चीवर बसले, कधी एकट्याने काही वाजवलं नाही, कुरकुरही केली नाही. तुला माहीत नसेल, मी एकदा त्यांच्याशी फार वाईट वागलो. एकोणीस वर्षांचा होतो, संगीत शाळेतून सुट्टीला आलो होतो. ते वरचा ओठ दातांवर दुमडून वाजवायचे ना, जुन्या लोकांसारखं? आम्हाला शिकवलं होतं की वरचे दात सरळ माउथपीसवर टेकवायचे, तरच आवाज भरदार येतो. मी तालमीत दहा जणांसमोर म्हणालो, "बाबा, तुमचा ओठ चुकीचा आहे." ते म्हणाले, "हो का? बघतो हं." आणि तसाच ओठ दुमडून पुढे वाजवत राहिले. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. ते आता सारखं डोक्यात येतं. का, ते कळत नाही.

ढब्बू

*

१९ मार्च

ढब्बूस अनेक आशीर्वाद.

हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून मी स्वतः जाऊन टाकतेय. पोचलं तर संचालकसाहेबांकडे जाऊ नकोस. आधी उठ आणि कपाटावरची बाबांची क्लॅरिनेटची पेटी खाली काढ. ती तुझ्याकडेच आहे, नऊ वर्षं तू ती उघडली नाहीस हे मला ठाऊक आहे. त्यातला माउथपीस काढ. आता तुझा काढ. दोन्ही शेजारी ठेवून वरची बाजू बघ. मग पुढचं वाच.

बघितलंस?

तुझ्यावर दातांच्या दोन खाचा आहेत. बाबांच्यावर एक ओरखडाही नाही. ओठ मध्ये असायचा म्हणून, असं तू म्हणशील. पण बाबा दातांवर ओठ दुमडत नव्हते, ढब्बू. दुमडायला दात नव्हतेच. तुझ्या जन्माच्या आधी हिरड्यांच्या दुखण्यात त्यांचे वरचे समोरचे चार दात गेले. बत्तीस वर्षांचे होते. बिनदाताचा क्लॅरिनेटवाला कोण ठेवून घेईल, या भीतीने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खोट्या दातांची प्लेट केली, पण ती लावून वाजवलं की डगमगायची. म्हणून वाजवण्याआधी काढायची, रुमालात गुंडाळायची आणि पेटीत रीडच्या पट्ट्या ठेवायच्या कप्प्यात टाकायची. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. बाबांचे दाखवायचे होते, वाजवायचे नव्हतेच. ओठाने वाजवायला ते आपले आपण शिकले. वर्ष लागलं म्हणाले.

मला कसं माहीत? अकरा वर्षांची असताना रुमाल उघडला. किंचाळले असते, पण ते समोरच उभे होते. त्यांनी मला शपथ घातली. म्हणाले, "धाकट्याला सांगू नकोस. तो माझं बघून बघून सगळं करतो. दात असताना त्याने लंगड्याची चाल कशाला शिकायची? त्याला नीट शाळेत शिकू दे." ती प्लेट इतकी भिकार बनवलेली होती, की बाबांना चांगले दात करून द्यायचे हे मी तिथेच ठरवलं. माझा धंदा तिथून सुरू झालाय. शिकाऊ असताना केलेलं माझं पहिलं काम म्हणजे बाबांची नवी प्लेट. ती लावून ते जेवले, फोटो काढले. वाजवताना मात्र रुमालातच.

तू दहा जणांसमोर बोललास ते मला माहीत आहे. त्या दिवशी ते माझ्या लॅबवर आले होते. स्टुलावर बसून म्हणाले, "ढब्बू बरोबर बोलला गं. मास्तर चांगले मिळालेत त्याला." हसले. त्यांना लागलं नाही असं मी म्हणणार नाही. लागलं. बराच वेळ माझ्या टेबलावरचे साचे उगाच इकडचे तिकडे करत बसले होते.

आणि आता माझा कबुलीजबाब. बाबा गेल्यावर शपथ संपली होती, तरी मी तुला सांगितलं नाही. त्या दिवसाचा दात मी तुझ्यावर धरून होते. जानेवारीतही लिहायला घेतलं आणि 'ते नंतर बोलू' म्हणून गिळलं. तेव्हा लिहिलं असतं तर कदाचित तू थांबला असतास. तुझ्या त्या गेलेल्या हाडातलं थोडं माझ्या नावावर आहे.

आता काम. ओठाने वाजवलं तर खड्ड्यावर भार येत नाही, ओठ झोळीसारखा शेजारच्या दातांवर तोलतो, असं मला वाटतं. पण मी दात घडवणारी, डॉक्टर नाही. डॉक्टरीण बाईंना विचारल्याशिवाय रीड ओलीसुद्धा करायची नाही. यावेळी कंस चालणार नाहीत.

ताई

*

२४ एप्रिल

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की त्या माउथपीसकडे बघत बसायचो. पत्र शनिवारी पोचलं. तू सांगितल्याप्रमाणे पेटी उघडली, पुढचं न वाचता. आधी वाटलं, बाबांनी तो शेवटी शेवटी विकत घेतला असेल. मग कडेचा झिजलेला सोनेरी पट्टा दिसला, लहानपणी मी नखाने खरवडलेला. तीस वर्षं वाजवलेला माउथपीस आणि वरून काचेसारखा. मी शाळेत तीन वर्षं आवाजाचं शास्त्र शिकलो आणि घरातली ही गोष्ट मला दिसली नाही. रुमालही आहे कप्प्यात. रिकामा, घडी घातलेला.

तू स्वतःच्या नावावर काही लिहून घेऊ नकोस. तू सांगितलं असतंस तरी मी जानेवारीत ऐकलं नसतं. मी मला ओळखतो.

डॉक्टरीण बाईंना तुझं पत्रच वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. टाके घातल्यापासून सहा आठवडे काही करायचं नाही म्हणाल्या, आणि सहा आठवडे भरले त्या दिवशी मला क्लॅरिनेट घेऊन दवाखान्यात बोलावलं. मी खुर्चीत बसून ओठ दुमडून वाजवतोय आणि त्या हातमोजा घालून माझ्या हिरडीवर बोट ठेवून उभ्या. बाहेर ताटकळलेल्या लोकांना काय वाटलं असेल? म्हणाल्या, भार पडत नाहीये, पण रोज दहा मिनिटं, दर आठवड्याला पाच वाढवायची, दर शुक्रवारी दाखवायचं. प्लेट काढून वाजवायचं. मी आज्ञाधारक झालोय, हिला खरं वाटत नाही.

आवाज? पहिल्या दिवशी बदकासारखा. ओठ सोलवटतो, कडा थरथरतात, चार मिनिटांत तोंडाची ताकद संपते. या वयात मी पुन्हा नऊ वर्षांचा झालोय. आणि काय गंमत आहे बघ, दाबायला दातच नाहीत, त्यामुळे क्लॅरिनेट तिरकं धरता येत नाही. सरळ राहतं. बाबा उगाच ओरडत होते का?

संचालकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एक जूनला वाजवून दाखवा, मग ठरवतो. मुलीलाही तयारी करायला सांगितलंय. सांगायला हवंच होतं.

ढब्बू

*

३ मे

ढब्बूस आशीर्वाद.

ओठाला रात्री साधं तूप लाव. बाबा लावायचे, आणि आई म्हणायची, थंडीने फुटतात यांचे ओठ.

एक जूनला काय होईल ते होईल. मुलीने वाजवलं तरी तिला शिकवणारा तूच आहेस, हे विसरू नकोस. हे तुझं सांत्वन करायला लिहीत नाहीये.

ताई

*

१६ जून

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि.

क्रमाने सांगतो, नाहीतर तू ओरडशील.

एक जूनला तालमीत सगळे जमले होते. मी ओठ दुमडला आणि सुरुवात करणार, एवढ्यात दुसऱ्या खुर्चीवरची मुलगी माझ्याकडे वाकून म्हणाली, "सर, तुमचा ओठ आत जातोय." वाईट हेतू नव्हता तिचा. मीच शिकवलेलं मला परत देत होती. माझ्या तोंडात आपोआप शब्द आले: "हो का? बघतो हं."

ताई, तेव्हा मला कळलं बाबांनी त्या दिवशी काय गिळलं होतं. मला ते गिळवेना. मी तिच्याकडे वळलो आणि ओठ वर करून सगळ्यांना खिंडार दाखवलं. म्हणालो, दात नाहीत, म्हणून ओठाने वाजवतोय, आणि माझे वडील याच खुर्च्यांत बसून तीस वर्षं असंच वाजवत होते, तेही दात नसताना. कोणी हसलं नाही. मग चेलोवाले काका म्हणाले, "मला माहीत होतं." म्हणे ते नव्याने लागले तेव्हा एकदा बाबांचा रुमाल पडताना आतली प्लेट पाहिली होती, आणि काही दिसलं नाही असं भासवत त्यांनीच तो उचलून दिला होता. बाबांनी एवढी काळजी घेऊन झाकलं, आणि इतकी वर्षं एक माणूस ते जाणून शेजारी चेलो वाजवत होता. काही बदललं नाही. बाबांना हे कळायला हवं होतं.

मग वाजवलं. संचालकसाहेबांनी दुसऱ्या अर्ध्यात दोनदा थांबवलं, श्वास कुठे घ्यायचा ते बदललं, आणि पुढच्या पानावर गेले. म्हणजे भाग माझा.

परवा चौदाला पडद्यामागे प्लेट काढली. ठेवायला खिशात डबी होती, तरी बाबांच्या रुमालात गुंडाळून त्यांच्या पेटीत, रीडच्या कप्प्यात ठेवली. पेटी मुद्दाम सोबत नेली होती. तिसऱ्या मिनिटाला ओठ थरथरायला लागला, एक स्वर जरा विझला, तो कुणाला कळला असेल की नाही ते मला माहीत नाही. माझा नेहमीचा भरदार आवाज आला नाही. मऊ, जरा खालच्या अंगाचा आला. मी तो आवाज ओळखत होतो. लहानपणी शेजारच्या खोलीतून यायचा, आपण झोपायला गेल्यावर. तुला आठवतो ना?

नंतर त्या मुलीने विचारलं, ओठाचं मला शिकवाल का? मी म्हटलं, दात आहेत तोवर नको. मग म्हटलं, शिकवतो, पण कारण सांगून.

जुलैत स्क्रू बसतील. नोव्हेंबरमध्ये दात तू करायचे आहेत, सावकाश, शेजाऱ्यांच्या रंगाला जुळवून. मला अजिबात घाई नाही.

कार्यक्रम संपल्यावर सगळे गेले, तेव्हा मी पेटी उघडून रुमाल सोडला. प्लेट लावायच्या आधी, तसाच बोळक्या तोंडाने, हवा सोडत, पेटीकडे बघून मोठ्याने म्हणालो, "बाबा, तुमचा ओठ बरोबर होता."

तुझा,
ढब्बू